शेपटाची मागणी

४ फेब्रुवारी

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

महिनाभर तुमचं पत्र नाही, म्हणजे तब्येत ठणठणीत असणार. आजारी असलात की तुम्ही आठवड्याला दोन पत्रं धाडता आणि दोन्हींत औषधांपेक्षा सरकारवरच जास्त लिहिता. मामीचे गुडघे कसे आहेत? या महिन्यात ती खाली उतरली का, की अजून तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतूनच जग बघणं चालू आहे? आई म्हणते, लेकीकडे राहायला जाण्याआधी तिथे लिफ्ट आहे का, एवढं तरी विचारायचं होतंत.

इकडे सगळं तुम्ही सोडून गेलात तसंच आहे. तोच साबणाचा कारखाना, तीच युनियन, गेटावर तोच लाल बावटा. बावटा तेवढा नवा शिवला, तोही आम्ही बायकांनीच. कराराची मुदत संपली म्हणून मॅनेजरने वाटाघाटींना बोलावलंय. मागणीपत्रात दहा मागण्या आहेत. पहिली पगारवाढीची, आणि अगदी शेवटची आमची, पॅकिंगच्या पट्ट्यावर बसायला उंच स्टुलं हवीत ही. तुम्हाला माहीत आहे, साबण पट्ट्यावरून येत राहतो आणि आम्ही शिफ्टभर उभ्याने गुंडाळत राहतो. कढईखात्यातल्या पुरुषांना बसायला बाकडी आहेत. साबण उभ्यानेच नीट गुंडाळला जातो असं आमच्या सुपरवायझरचं ठाम मत आहे, आणि ते तो खुर्चीत बसून सांगतो.

बोलणी करायला वर मॅनेजरच्या खोलीत पाच जण जाणार, पाचही पुरुष. कारखान्यात निम्म्याहून जास्त आम्ही बायका आहोत. कमिटीत ‘महिला प्रतिनिधी’ म्हणून मी आहे, पण माझी कामं म्हणजे मोर्च्यात पुढे चालायचं, घोषणा द्यायच्या, फोटोत दिसायचं आणि मीटिंग संपली की कप गोळा करायचे. मलाही वर न्या असं सेक्रेटरीला म्हटलं, तर तो फार गोड शब्दांत म्हणाला की माझा आवाज चार भिंतींत वाया जाईल, त्याची गरज खिडकीखाली आहे. लहानपणी तुम्ही माझं नाव ‘भोंगा’ ठेवलंत, ते त्याला अजून पुरतंय.

सेक्रेटरी तुमच्याच तालमीतला आहे. तुमचा शब्द तो खाली पडू देत नाही. दोन ओळी लिहाल ना त्याला?

लोभ असावा. शिफारस केलीत तर आमच्याकडून तो वाढेलही.

तुमची,
भोंगा


११ फेब्रुवारी

चि. भोंग्यास,
अ. आ. (आशीर्वादावर माझा विश्वास नाही, पण तुझ्या आईचा आहे आणि हे पत्र तीही वाचणार.)

तुझं पत्र उघडलं आणि खोलीभर साबणाचा वास सुटला. तुझी मामी पाकीट नाकाशी धरून बराच वेळ बसली होती. मजकुरात तिला नंतर रस वाटला.

आता कामाचं. पोरी, इतकी वर्षं युनियनमध्ये राहून तुला मागणीपत्र वाचता येत नाही? मागणीपत्राला डोकं असतं, पोट असतं आणि शेपूट असतं. डोकं गर्जना करायला, पोट खरोखर मिळवायला आणि शेपूट सोडायला. पाल शेपूट टाकून निसटते ना, तसं. मॅनेजरलाही वरच्या साहेबांना दाखवायला काहीतरी नाकारावं लागतं. शेपूट त्याच्या हातात द्यायचं आणि आपण पोट घेऊन घरी यायचं. स्टूल हे फार उत्तम शेपूट आहे. मी स्वतः कितीतरी करारांत वापरलंय, एकदाही दगा दिला नाही त्याने.

आणि खिडकीखालच्या जागेला नावं ठेवतेस? अगं, ती खिडकी म्हणजे माझ्या आयुष्यातला एकमेव शोध. बोलणी अडली की ‘काय उकडतंय’ म्हणत उठायचं आणि खिडकी उघडायची. खालून घोषणांचा असा लोंढा आत येतो की मॅनेजर लोण्यासारखा मऊ पडतो. मऊ पडला की खिडकी बंद, खाली शांतता. यातली अर्धी लढाई तुझ्या गळ्यात आहे. तिला कमी लेखू नकोस.

शिफारशीचं म्हणशील, तर ते मला जमणार नाही. संघटनेत मामा-भाची असं नातं नसतं. उद्या लोक म्हणतील, म्हाताऱ्याने जाता जाता भाचीची सोय लावली. शिस्त म्हणजे शिस्त.

तुझ्या आईला सांग, लिफ्ट आहे. दुसऱ्या इमारतीत आहे.

तुझा,
मामा

ता. क. दोन ओळी मी लिहिते. तुझे मामा चष्मा शोधताहेत, तो माझ्या मांडीखाली आहे. गुडघे तसेच. तिकडचे साबणाचे तुकडे पाठव, इथल्या साबणाला नुसता फेस आहे, वास नाही. वरचं सगळं वाचलं. शेपटाचंही. — मामी


१४ फेब्रुवारी

चि. पोरीला,
अ. उ. आ.

हे पत्र मामांना न सांगता लिहितेय. तिकीट त्यांच्या खणातलं घेतलंय. शेजारीण बाजारात जाताना पेटीत टाकेल. तू उत्तरात याचा उल्लेख करू नकोस, आणि केलासच तर असा कर की त्यांना कळायला वेळ लागेल.

लग्नाआधीपासून ते लेक कॉलेजात जाईपर्यंत मी त्याच पट्ट्यावर उभी होते. स्टुलाची मागणी पहिल्यांदा मीच केली, आमच्या स्वयंपाकघरात, यांच्यापुढे. यांनी ती अगदी मनापासून लिहून घेतली, सगळ्यात खाली. मग दर कराराला घरी आले की आधी पगारवाढ सांगायचे, मग पाणी मागायचे, आणि मी विचारलं की म्हणायचे, स्टूल पुढच्या वेळी नक्की. वाईट माणूस नाही गं तो. आता रोज माझ्या गुडघ्यांना स्वतः तेल लावतात, आणि लावता लावता मालकांना शिव्या देतात. मालकांनाच.

त्या खिडकीखाली मीही घसा फोडून घेतलाय. वर काय चाललंय ते मला संध्याकाळी घरी कळायचं आणि बाकीच्यांना दुसऱ्या दिवशी माझ्याकडून. एकदा काय झालं, सगळ्या पट्ट्याला सर्दीची साथ आली. कोणाच्या तोंडून शब्द फुटेना. नेमकी त्याच दिवशी बोलणी अडली. खिडकी उघडली आणि खालून आमची नुसती घरघर. तुझे मामा कमरेपर्यंत बाहेर आले! तोंडचं पाणी पळालं होतं. कोणाची तरी गाडी सुटावी तसा रुमाल हलवत होते. मला इतकं हसू आलं की खोकल्याची उबळ आली, आणि तेव्हा डोक्यात काहीतरी येत होतं ते तिथेच राहून गेलं.

मी तुला काही सुचवत नाहीये हं. म्हातारपणी आठवणी येतात, त्या लिहिल्या. तू गरम पाण्याच्या गुळण्या करत जा. गळा जप.

लोभ आहेच तुझ्यावर, तो मामांनाही ठाऊक आहे. पत्र तेवढं ठाऊक नको.

तुझी,
मामी


२७ फेब्रुवारी

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

बसून वाचा. पाणी जवळ ठेवा.

सोमवारी बोलणी सुरू झाली. पाच जण वर गेले, आम्ही सगळ्या खिडकीखाली, हातात बावटा. थोड्या वेळाने खिडकी उघडली. आम्ही गप्प. इतक्या गप्प की बावट्याच्या कापडाची फडफड ऐकू येत होती. सेक्रेटरी खोकला. आम्ही वर त्याच्याकडे बघितलं, अगदी अदबीने. त्याने खिडकी लावली आणि पुन्हा उघडली, या वेळी धाडकन. आमच्यातल्या एकीने त्याला हात हलवून दाखवला.

शेवटी तो स्वतः खाली आला. तुझा घसा बसलाय का म्हणून मला विचारू लागला. मी म्हटलं, घसा उत्तम आहे, पण वर काय ठरतंय ते माहीत नसताना कशासाठी ओरडायचं ते समजेना. तो म्हणाला, ते मी नंतर सांगतो. मी म्हटलं, मग आम्हीही नंतर ओरडतो. तेवढ्यात पट्ट्यावरच्या सगळ्यात थोरल्या बाईंनी मागून विचारलं की दहावी मागणी अजून टेबलावर आहे का. सेक्रेटरी स्वतःच्या चपलांकडे बघत राहिला. त्यावरून आम्हाला काय ते कळलं.

बोलणी पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारवर गेली. कमिटी संध्याकाळपर्यंत भांडली आणि ‘प्रायोगिक तत्त्वावर’ एका बाईला वर न्यायचं ठरलं. ती बाई म्हणजे मी. जणू काही मी नव्या वासाची वडी आहे, खपते का ते आधी बघणार. कँटीनमधून सहावी खुर्चीही वर नेऊन ठेवली आहे.

थट्टा पुरे. मामा, मला भीती वाटतेय. हजार माणसांपुढे घोषणा देताना कधी वाटली नव्हती. कमिटीतले दोघं माझ्याशी बोलत नाहीत, आम्ही संघटनेत फूट पाडली म्हणतात. गुरुवारी पगारवाढ अडली, तर खापर आम्हा बायकांच्याच डोक्यावर फुटणार. मग आणखी कितीतरी वर्षं कोणी बाईला वर न्यायचं नावही काढणार नाही, आणि स्टूल तर कोणाला आठवणारसुद्धा नाही.

तुम्ही रागावणार हे गृहीत धरलंय. रागावलात तरी उत्तर लवकर धाडा.

तुमची,
भोंगा


२ मार्च

चि. भोंग्यास (की आता मौनीबुवास म्हणू?),
अ. आ.

माझ्या खिडकीची ही दशा! मी दोन दिवस जेवलो नाही असं लिहिणार होतो, पण तुझी मामी खाली खरं काय ते लिहील. ऐन बोलणी चालू असताना आपल्याच सेक्रेटरीला तोंडघशी पाडायचं, याला संघटना म्हणतात? मॅनेजरच्या समोर? माझ्या वेळी असं एकदाच झालं होतं आणि तेव्हा सर्दीची साथ होती.

सर्दीवरून आठवलं. माझ्या खणातून एक तिकीट गेलंय. मी घरात सगळ्यांना विचारलं. तुझी मामी तेव्हा भाजी निवडत होती आणि इतकी मन लावून निवडत होती की तिला प्रश्न ऐकूच आला नाही. काही लोक या घरात फितूर आहेत, एवढंच लिहितो.

राग आहे तो आहे. आता नीट ऐक. खिडकीजवळची खुर्ची पकड, बाकी कुठली देऊ केली तरी घेऊ नकोस. मॅनेजर पहिल्यांदा बोलेल त्याला लगेच उत्तर द्यायचं नाही, त्याला वाटू दे की तू काहीतरी मोजते आहेस. मग चहाचा ट्रे येईल. कोणीतरी तो सवयीने तुझ्यापुढे सरकवेल. तू हलायचं नाहीस. चहा थंड झाला तरी चालेल, साय आली तरी चालेल. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जेवणाची वेळ. भूक लागली की माणसं घड्याळाकडे बघायला लागतात, कागद गोळा करतात, आणि उरलंसुरलं पुढच्या वेळी बघू असं कोणीतरी म्हणतं. शेपूट नेमकं तेव्हा सुटतं. मी नेहमी तेव्हाच सोडायचो, कोणाला दिसतही नसे. तेव्हा घड्याळावर लक्ष ठेव.

याला शिफारस समजू नकोस. ही नुसती माहिती आहे.

भीती वाटते म्हणालीस. मलाही दर वेळी वाटायची. जिना चढताना हात खिशात घालायचो, थरथरताना दिसू नयेत म्हणून. तुझ्या कपड्यांना खिसे आहेत का? नसले तर लावून घे.

तुझ्यावर अतिशय रागावलेला,
मामा

ता. क. दोन्ही दिवस दोन्ही वेळा जेवले. गुरुवारी सकाळपासून आम्ही गॅलरीत बसणार आहोत, जणू काही इथून दिसणारच आहे. — मामी


१२ मार्च

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

आईने कारखान्यातल्या झग्याला खिसे लावून दिले. दोन्ही हात घालून जिना चढले.

खिडकीजवळच्या खुर्चीवर कोणीतरी पिशवी ठेवली होती. मी पिशवी त्याच्या मांडीवर दिली आणि बसले. मॅनेजरने माझ्याकडे बघून आज खोलीत शोभा आली असं काहीतरी म्हटलं. मी उत्तर दिलं नाही, मोजत राहिले. तो एकदम पगारवाढीवर आला. मग चहाचा ट्रे आला. सेक्रेटरीने तो माझ्यापुढे सरकवला. मी ट्रेकडे बघितलं, मॅनेजरनेही ट्रेकडे बघितलं, चहावर साय धरली. शेवटी सेक्रेटरीने स्वतः ओतला. निम्मा बशीत सांडला, पण ओतला.

पगारवाढीचं बऱ्यापैकी जमलं. तुम्ही म्हणता ते पोट हाताला लागलं. मग एकाने घड्याळाकडे बघितलं, दुसऱ्याने चष्मा काढून खिशात टाकला, आणि सेक्रेटरी कागद गोळा करत म्हणाला की बाकीचं पुढच्या वेळी बघू. मामा, अगदी तुम्ही लिहिलं होतं तसंच! मला हसूच यायचं बाकी होतं.

मी उठले, काय उकडतंय म्हटलं आणि खिडकी उघडली. त्या दिवशी मॅनेजरच्या अंगात स्वेटर होता.

त्या आवाजात मी इतकी वर्षं उभी राहिलेय, पण तो वरून कसा ऐकू येतो ते मला माहीतच नव्हतं. काच थरथरते. टेबलावरचा कप थरथरतो. माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायला मी खालीच बघत राहिले. बाकी कुठलीच घोषणा नव्हती. सगळ्या मिळून एकच शब्द म्हणत होत्या, स्टूल, स्टूल.

मॅनेजरने खिडकी लावायला सांगितलं. मी म्हटलं, मी इथे नवीन आहे, मला कडी लावता येत नाही, सेक्रेटरींना विचारा. सेक्रेटरीने माझ्याकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, सांडलेल्या चहाकडे बघितलं. मग तुमचा तो चेला शांतपणे म्हणाला की कडी गंजलीय, आता काही लागायची नाही. त्या एका वाक्यासाठी मी त्याचे मागचे सगळे कप माफ केले.

बसून कामाचा वेग कमी होतो, असं मॅनेजर म्हणाला. मी म्हटलं, मग जेवण होईपर्यंत पट्ट्यावर उभं राहून बघा, आम्ही शिकवू. त्याने सांगितलं की त्याची कंबर दुखते. यावर खोलीत जे हसू फुटलं त्यात तोही सापडला, आणि हसलेल्या माणसाला पुन्हा नाही म्हणणं अवघड जातं. सगळ्या पट्ट्यांवर स्टुलं येणार. करारावर सह्या झाल्या. पाच सह्यांचीच जागा आखली होती, मी सहावी रेघ मारून घेतली. न बोलणाऱ्या दोघांपैकी एक काल माझ्याशी बोलला. स्टुलाला पाठ असेल का, एवढंच विचारलं, पण बोलला.

स्टुलं पंचवीस तारखेला येतील. त्या दिवशी पट्ट्यावर छोटी सभा आहे आणि प्रमुख पाहुणे म्हणून तुम्ही यावं असा कमिटीचा ठराव आहे, एकमताने. फीत कापायची, चार शब्द बोलायचे. याल ना? आणि सर्दीच्या साथीची आठवण ज्यांना अजून आहे, त्या व्यक्तीला माझा वाकून नमस्कार सांगा.

लोभ असाच ठेवा, रागासकट.

तुमची,
भोंगा (गळा अजून शाबूत)


१७ मार्च

चि. भोंग्यास,
अ. आ. (या खेपेला विश्वासाने.)

तुझं पत्र मामीने मला मोठ्याने वाचायला लावलं. खिडकीपर्यंत आलो आणि माझा आवाज बसला. सर्दी असावी. पुढचं तिने वाचलं.

नमस्कार पोचवला. तिकिटाचा तपास बंद केला आहे.

प्रमुख पाहुणा म्हणून मी येणार नाही, तसं सेक्रेटरीला कालच कळवलं. प्रमुख पाहुण्याला भाषणासाठी उभं राहावं लागतं आणि ही सभा बसण्याची आहे. माझ्या जागी दुसरं नाव सुचवलंय. ठराव रीतसर आमच्या घरी मांडला. सूचक मी, अनुमोदक जावई. जिच्याबद्दल ठराव होता ती भाजी निवडत होती आणि तिने विरोध केला नाही, म्हणून तो मंजूर झाला असं धरलं.

प्रश्न होता तिसऱ्या मजल्याचा. जावई आणि मी मिळून तिला खुर्चीत बसवून खाली आणू असं म्हणत होतो. तिने ते उडवून लावलं. गेले चार दिवस ती रोज कठडा धरून थोडं थोडं उतरते, मी दोन पायऱ्या पुढे. आज पहिल्या मजल्यापर्यंत गेलो. परत वर येताना माझाच दम गेला, तिने थांबून वाट पाहिली आणि वर टोमणाही मारला.

मी तिच्याबरोबर येतोच आहे. पिशवी धरीन, मागे कुठेतरी बसेन, आणि सभा संपली की कप गोळा करीन. महिला प्रतिनिधींनी त्याची काळजी करू नये.

तुझा,
मामा

ता. क. पोरी, मी काही फीत कापणार नाही, भाषणही करणार नाही. मला पट्ट्याच्या डाव्या टोकाला ने, माझी जागा तीच होती. त्या वेळी पट्टा बंद ठेवू नका, चालू असू दे. हात विसरले नाहीत ना ते मला बघायचंय. एक पेटीभर साबण गुंडाळीन म्हणते. बसून. — मामी